पिशवी ऑक्सिजननं टम्म, तरी बोटुकली मेली कशी?



सोयाबीन फुलावर आलं, फवारणी उरकली, की आमच्या दुसरबीडच्या आसपास मत्स्यबीजाच्या गाड्या फिरायला लागतात. शेततळी पावसानं भरलेली असतात, आणि कागद अंथरलेल्या तळ्यात नुसतं पाणी उभं असलेलं बघवत नाही. मग कोणी हजार, कोणी पाच हजार बोटुकली आणून सोडतो. कटला, रोहू, मृगळ, सोबतीला थोडा सायप्रिनस. यात पैसा लाखांचा नसतो, पण ज्याच्या खिशातून जातो त्याला तो कमीही नसतो. आणि दरवर्षी कुणाची तरी पिशवी गाडीतून उतरवताना पांढरी पोटं वर आलेली दिसतात. "पिशवी तर टम्म होती, ऑक्सिजन गच्च भरलेला होता, मग मेली कशी?" हा प्रश्न ह्या आठ दिवसांत मला तिघांनी विचारला. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवून माशाच्या रक्ताबद्दल लिहितो. मधे थोडं शाळेतल्या विज्ञानासारखं वाटेल, पण दम धरून वाचा. पुढं ते पहाटेच्या तळ्यापर्यंत आणि ठिबकच्या नळीपर्यंत येतं.

मागच्या साली आमच्या शिवारातल्या एका भाऊबंदानं बायकोच्या बचत गटाच्या कर्जातून बीज आणलं. गाडी सकाळी निघाली, वाटेत दोन ठिकाणी दुसऱ्यांचा माल उतरवला, आणि इथं यायला दुपारचे दोन वाजले. तळ्यात मासे पाळणारा त्या बाजूला मी जुना, म्हणून मला बोलावणं आलं. गेलो तर बांधावर भांडण पेटलेलं. भाऊबंद म्हणे, "ऑक्सिजनच्या नावानं साधी हवा भरून देल्ली ह्यानं." बीजवाला म्हणे, "दादा, दाबून पाहा ना, कडक हाय की नाही पिशवी?" पिशवी खरंच कडक होती. मासेही खरंच मेले होते. म्हणजे दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि तरी नेमकं काय झालं ते दोघांनाही माहीत नव्हतं. निम्म्याच्या वर बीज गेलं. तो हिशेब अजून मिटलेला नाही. बीजवाला आजही इकडून जाताना त्या फाट्यावर गाडी थांबवत नाही.

त्या संध्याकाळी मी पुतणीला फोन लावला. ती नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, पिशवीतल्या पाण्याचा सामू मोजला का?"

"अगं, मासे मेले तिथं सामू कोण मोजत बसतो?"

"तेच तर ना. त्या माशांना ऑक्सिजन मिळत होता. त्यांना कर्बवायू बाहेर टाकता येत नव्हता. रक्तच आंबट झालं असंल."

रक्त आंबट होतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढचे दोन-तीन महिने मी तिला रविवारी फोन करून पिडलं, तिनं वहीत चित्रं काढून त्यांचे फोटो पाठवले, आणि जे मला पटलं ते माझ्या भाषेत सांगतो.

आधी आपलं घेऊ. विहिरीत बुडी मारून श्वास धरला की थोड्या वेळानं छाती फुटायला येते. आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला. खरं तर ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. रक्तात साठत चाललेला कर्बवायू मेंदूला धक्के देत असतो, की बाबा, वर चल. माणसाचा श्वास मुख्यतः कर्बवायूच्या हिशेबानं चालतो. माशाचं उलटं आहे. त्याचा श्वास मुख्यतः ऑक्सिजनच्या हिशेबानं चालतो.

कारण साधं आहे. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, २५ अंश तापमानाला, तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, म्हणजे जेमतेम ६ मिलिलिटर. तीस पटीहून जास्त फरक! एवढ्याशा ऑक्सिजनसाठी माशाला दिवसभर तोंडातून पाणी घेऊन कल्ल्यांवरून सोडत राहावं लागतं. पाण्यात कर्बवायू मात्र ऑक्सिजनपेक्षा पंचवीस-तीस पट सहज विरघळतो. म्हणजे ऑक्सिजनसाठी जे ढीगभर पाणी कल्ल्यांवरून जातं, ते जाता जाता कर्बवायू फुकटात धुऊन नेतं. माणसाच्या शुद्ध रक्तात कर्बवायूचा दाब पाऱ्याच्या मोजपट्टीवर ४० मिलिमीटर असतो, माशाच्या रक्तात फक्त २ ते ४. नदीनाल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशाला कर्बवायू ही काळजीची गोष्ट वाटलीच नाही. ती काळजी आपण त्याला पिशवीत कोंडून लावली.

आता रक्तात तो वायू जातो कसा, हा खरा मुद्दा.

आपल्याला वाटतं, सोड्याच्या बाटलीत जसा वायू असतो तसा रक्तात विरघळून जात असेल. तसा फार थोडा जातो. बाकीचा जवळपास सगळा माल रूप बदलून जातो. स्नायूंत तयार झालेला कर्बवायू रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरतो. तिथं कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एक विकर बसलेलं असतं. १९३३ साली केंब्रिजच्या मेल्ड्रम आणि रफ्टन या दोघांनी ते शोधलं. त्याचा एक कण सेकंदाला लाखांच्या घरात कर्बवायूचे कण पाण्याशी जोडून देतो. त्यातून जे आम्ल होतं, त्याचे लगेच दोन भाग पडतात. एक भाग आंबटपणाचा, दुसरा भाग बायकार्बोनेट. आंबट भाग हिमोग्लोबिन आपल्या अंगावर धरून ठेवतं, म्हणून रक्त आंबत नाही. बायकार्बोनेट पेशीच्या बाहेर, रक्ताच्या पाण्यात जातं, आणि त्याच्या बदल्यात मिठातलं क्लोराइड आत येतं. एक बाहेर, एक आत, असा रोख अदलाबदलीचा व्यवहार.

बायकार्बोनेट म्हणजे कोण? आपल्या घरातला खाण्याचा सोडा सोडियम बायकार्बोनेटच आहे. बाया पापडात जो पापडखार घालतात तोही ह्याच खानदानातला. आणि लोणारच्या सरोवरात जो खार आहे, जो पूर्वी लोक काढून विकत, तोही त्याच घराण्यातला. लोणार आमच्या शेजारचा तालुका, शाळेच्या सहली तिकडंच जायच्या. पोरपणी आम्ही त्या पाण्यात हात बुडवून साबणासारखा गुळगुळीत लागतो म्हणून हसायचो. तेव्हा कुणी सांगितलं असतं की तुझ्या आणि माशाच्या रक्तातही ह्याच जातीचा खार वाहतो आहे, तर खरं वाटलं नसतं.

रक्त कल्ल्यांत पोचलं की सगळा व्यवहार उलटा फिरतो. आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. सोड्यावर लिंबू पिळलं की फसफसतं, तो फेस म्हणजे सोड्यातून सुटलेला कर्बवायू. कल्ल्यात लिंबाचं काम कोण करतं? हिमोग्लोबिन. त्यानं आंबट भाग अंगावर धरून ठेवला होता ना? कल्ल्यात पाण्यातला ऑक्सिजन येऊन त्याच्यावर बसला, की ते आंबट भाग सोडून देतं. तो बायकार्बोनेटला मिळतो, विकर दोघांना जोडतं, कर्बवायू मोकळा होतो आणि कल्ल्याच्या पातळ कातडीतून पाण्यात निघून जातो. म्हणजे ऑक्सिजन आत आला की तोच कर्बवायूला बाहेर ढकलतो. एका डॉक्टर मंडळींच्या त्रिकूटानं, त्यात हाल्डेन नावाचे शास्त्रज्ञ होते, माणसाच्या रक्तात हे १९१४ साली दाखवलं. माशात ते आणखी ठळक आहे.

पण ह्यात एक अडचण आहे. माशाच्या कल्ल्यात हे विकर तांबड्या पेशीच्या आत असतं, बाहेरच्या रक्ताच्या पाण्याला ते मिळत नाही. म्हणजे बाहेर पसरलेलं सगळं बायकार्बोनेट पुन्हा पेशीत शिरल्याशिवाय त्याचा वायू होत नाही. आणि शिरायला दार एकच, ते क्लोराइडच्या अदलाबदलीचं. आपल्या बाजार समितीत सोयाबीनच्या दिवसांत कसं होतं? आत जागा मोकळी असते, हमाल बसून असतात, व्यापारी तयार असतो, पण काटा एकच, आणि ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यावर. रक्त कल्ल्यातून एक-दोन, फार तर तीन सेकंदांत निघून जातं. तेवढ्यात जेवढं काट्यावरून गेलं तेवढंच बाहेर पडलं. एरवी ते पुरतं. गर्दी वाढली की तुंबतं.

पुतणीला मी विचारलं, "तुंबलं तर काय बिघडलं? ऑक्सिजन तर मिळतोय ना?"

ती म्हणाली, "काका, इथंच तर मासा आणि माणूस वेगळे पडतात."

रक्त आंबट झालं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. हे आपल्यातही होतं, बोर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०४ साली हे दाखवलं. माणसाच्या बाबतीत ती पकड फक्त ढिली होते. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर असला तर हिमोग्लोबिन पुन्हा पूर्ण भरतं. बऱ्याच माशांत, आपल्या कार्प जातीत सुद्धा, प्रकार ह्याच्या पुढचा आहे. रक्त एका मर्यादेपलीकडं आंबलं, की हिमोग्लोबिन पूर्ण भरतच नाही. शुद्ध ऑक्सिजन दिला तरी नाही. रूट नावाच्या माणसानं १९३१ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला रूट परिणाम म्हणतात. (रूट हे त्याचं आडनाव हं, झाडाच्या मुळाशी संबंध नाही. मी आधी तसंच समजलो होतो.)

निसर्गानं ही गोष्ट माशाला उगीच दिलेली नाही. मासा साफ करताना पोटातून जो पांढरा फुगा निघतो, त्यात वायू भरायला मासा हीच युक्ती वापरतो. त्या जागी रक्त मुद्दाम आंबवतो, हिमोग्लोबिन ऑक्सिजन टाकून देतं, आणि फुगा भरतो. डोळ्याच्या पडद्याला ऑक्सिजन पुरवायलाही तेच. जागेवर, मोजून वापरलं तर वरदान. सगळं रक्त एकदम आंबलं तर मासा ऑक्सिजनच्या ढिगात बसून गुदमरतो.

आता पिशवीकडं परत येऊ. एक भाग पाणी, दोन भाग शुद्ध ऑक्सिजन, तोंडाला रबर. पाण्यात ऑक्सिजन नेहमीच्या कितीतरी पट विरघळलेला. माशाचा श्वास ऑक्सिजनच्या हिशेबानं चालतो हे वर सांगितलं. ऑक्सिजन एवढा मुबलक मिळाल्यावर मासा काय करतो? कल्ले हळू हलवतो. कशाला कष्ट घ्यायचे? ट्राउट जातीच्या माशावर शास्त्रज्ञांनी हे नीट मोजून पाहिलं आहे, जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये त्याचा श्वास मंदावतो आणि रक्तात कर्बवायू चढतो. म्हणजे ज्या ऑक्सिजनवर बीजवाल्याचा आणि आपला सगळा भरवसा, तोच अर्ध्या दुखण्याला कारण.

राहिलेलं अर्धं दुखणं पिशवीतल्या पाण्याचं. मासा वजनानं जेवढा ऑक्सिजन घेतो, साधारण तेवढाच, थोडा जास्तच, कर्बवायू टाकतो. नदीत तो वाहून जातो, पिशवीत कुठं जाईल? पाण्यात आणि वरच्या वायूत साठत जातो. पिशवी टम्मच राहते, कारण ऑक्सिजन कमी झाला तितका कर्बवायू थोडाबहुत वाढला. बाहेरून दाबून पाहणाऱ्याला कडकच लागणार. कर्बवायू रक्तातून पाण्यात जातो तो उतारावरून पाणी जावं तसा, जास्तीकडून कमीकडं. पाण्यातच साठला की उतार संपला, आणि नंतर तो पाण्यातून उलटा रक्तात शिरायला लागतो.

मासा ह्याला अगदीच हतबल नसतो. कल्ल्यांतून मिठाची देवघेव बदलून तो रक्तात बायकार्बोनेट साठवतो आणि आंबटपणा मारतो. पण त्याला एक ते तीन दिवस लागतात. पिशवीतला प्रवास सहा तासांचा. पंगस त्यात बराच चिवट आहे, कटला-रोहूच्या पोरांकडून ती अपेक्षा नको.

तिसरी गोष्ट पिशवी उघडल्यावर घडते, आणि माझ्या मते त्या दिवशी बरेच मासे इथंच गेले. माशाची विष्ठा आणि कल्ल्यातून निघणारा अमोनिया पिशवीत साठलेला असतोच. कर्बवायूमुळं पाणी आंबट असतं तोवर तो अमोनिया बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात राहतो. सामू ७ असेल तर विषारी भाग शेकड्यात एकसुद्धा नसतो. पिशवी उघडली, पाणी हिंदकळलं, कर्बवायू सोड्याच्या बाटलीसारखा उडून गेला, सामू वर चढला, आणि तोच अमोनिया विषारी झाला. त्यात दुपारचे दोन वाजलेले. शेवाळानं हिरव्या झालेल्या तळ्याचा सामू दुपारी ९ च्या वर जातो. ९ ला, २५ अंशाला, तोच विषारी भाग शेकडा ३५ च्या आसपास जातो. भाऊबंदानं माशांना बरं वाटावं म्हणून पिशव्या उघड्या करून, तळ्याचं पाणी टाकून, भांडण मिटेस्तोवर बांधावर उन्हात ठेवल्या होत्या. त्यानं माया केली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कुणी सांगितलंच नव्हतं.

लोणारच्या सरोवरात मासे का नाहीत, ह्यातलं एक मोठं कारणही हेच. तिथल्या पाण्याचा सामू १० च्या आसपास. अशा पाण्यात कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकताच येत नाही. आफ्रिकेत केनिया देशात मगाडी नावाचं असंच खारं तळं आहे, तिथं तिलापियाची एक जात राहते. तिनं काय तोड काढली? ती अमोनियाचा युरिया करून टाकते. होय, तोच युरिया, ज्याच्या एका गोणीसाठी आपण रांगेत उभं राहतो.

मग बीज आणताना काय करायचं? मी बीजवाल्याला आता ऑक्सिजनबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त विचारतो. बीज आदल्या दिवशी उपाशी ठेवलं होतं का, हा पहिला प्रश्न. पोट रिकामं असलं की श्वासही कमी, घाणही कमी. पिशवीत बोटुकली कमी भर म्हणतो. पिशव्या वाढतात, भाडं वाढतं, देतो. गाडी रात्रीची निघावी, पिशव्यांवर ओली पोती असावीत, थंडाव्यात मासा कमी श्वास घेतो. वाटेत पिशवी उघडून "जिवंत हाय का" म्हणून बघायचं नाही. आणि पोचायची वेळ सकाळी आठ-नऊची. आपल्याकडं पहाटे किंवा संध्याकाळी सोडा असं सांगतात. थंडाव्यासाठी ते बरोबर आहे, पण अगदी पहाटे तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी आणि कर्बवायू सगळ्यात जास्त असतो, आणि दुपारनंतर सामू चढलेला असतो. आठ-नऊला ऊन कोवळं, शेवाळानं ऑक्सिजन द्यायला सुरुवात केलेली, सामू अजून खाली. बंद पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान एक होऊ द्यायचं. उघडल्यावर मात्र रेंगाळायचं नाही. थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेत पाच-दहा मिनिटांत मासे आपणहून बाहेर पोहू द्यायचे.

पहाटेचं वर आलंच आहे, तर तेही सांगतो. पहाटे मासे तोंड वर काढून आ वासतात, ते सगळ्यांनी पाहिलं असेल. रात्रभर शेवाळ, मासे, तळाचा गाळ, सगळेच ऑक्सिजन घेतात आणि कर्बवायू टाकतात. नुसता ऑक्सिजन कमी असता तर मासा थोडा सोसतो. नुसता कर्बवायू जास्त असता तरी सोसतो. दोन्ही एकदम आले की वर सांगितलेलं आंबट रक्त आडवं येतं, आणि जो थोडा ऑक्सिजन पाण्यात आहे तोही रक्ताला धरता येत नाही. ढगाळ दिवसांची माळ लागली, झड बसली, की हे जास्त होतं. त्या दिवसांत मी खाद्य अर्ध्यावर आणतो आणि पहाटे मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडतो. पाणी फुटलं की एकाच वेळी कर्बवायू बाहेर पडतो आणि ऑक्सिजन आत येतो. लाइट नसली की मात्र पंचाईत.

चुन्याचा उपायही खरा आहे, चुना कर्बवायू गिळून त्याचं बायकार्बोनेट करतो. पण हिशेबानं टाका. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात उतार धरून साधारण २० लाख लिटर पाणी बसतं. लिटरमागं १० मिलिग्रॅम कर्बवायू म्हणजे सगळ्या तळ्यात २० किलो झाला. १ किलो कर्बवायूला साधारण ८४० ग्रॅम विरलेला चुना लागतो, म्हणजे एकूण १७ किलोच्या आत. ते सुद्धा मी एकदम टाकत नाही. निम्मा पाण्यात कालवून पहाटे सगळीकडं शिंपडतो आणि सामू पाहतो. पोतंच्या पोतं ओतणारे मी पाहिलेत, त्यांच्या तळ्यात कर्बवायू संपतो आणि वर सांगितलेला अमोनिया जागा होतो.

मरळवाल्यांनी एक लक्षात ठेवा. मरळ, मागूर वर येऊन हवेतून ऑक्सिजन घेतात, म्हणून त्यांना पाण्याची पर्वा नाही असं आपण समजतो. ऑक्सिजन ते हवेतून घेतात, पण कर्बवायू मुख्यतः पाण्यातच सोडतात. तो सोडायला पाणी बऱ्यापैकी लागतंच.

आता बोअरच्या पाण्याचं. पावसाचं पाणी जमिनीतून झिरपताना मुळ्यांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू घेतं, त्या आंबटपणानं खडकातला चुना विरघळवतं, आणि आपल्या काळ्या दगडाच्या भेगांत जाऊन बसतं. बोअरमधून वर येतं तेव्हा त्यात कर्बवायू आणि बायकार्बोनेट भरपूर, ऑक्सिजन जवळपास नाही. ठिबकच्या तोटीशी आल्यावर कर्बवायू उडतो आणि चुना पांढरा होऊन तिथंच बसतो. तोट्या बंद पडतात त्या ह्यामुळं, आणि आम्ल सोडल्यावर जो फेस येतो तो त्याच कर्बवायूचा. हेच पाणी पुष्कळ जण पाइप थेट तळ्याच्या पाण्यात बुडवून सोडतात, आवाज येत नाही म्हणून. उन्हाळ्यात तळं आटलेलं, मासे एका कोपऱ्यात दाटलेले, आणि त्यांच्या तोंडावर हे असं पाणी.

मी पाइप चार फूट उंच बांधला आहे, खाली दगडांचा ढीग रचला आहे, पाणी त्यावर फुटून आठ-दहा फूट वाहत तळ्यात जातं. मोजून पाहिलं, बोअरच्या तोंडाशी सामू ७.१, दगडांवरून तळ्यात पडताना ७.६. दगडांवर वर्षभरात पांढरा थर चढला आहे. जो तोटीत बसला असता तो इथं बसला. ज्यांच्याकडं सामूच्या कागदी पट्ट्या किंवा छोटं मीटर आहे, त्यांनी येत्या झडीत तळ्याचा पहाटे पाचचा आणि दुपारी तीनचा सामू वहीत लिहून ठेवा. आठ दिवसांचे आकडे झाले की मला पाठवा, तळ्याचं माप आणि किती बोटुकली सोडली तेही लिहा. माझे मी पोळ्याच्या आधी टाकतो.